लाटेच्या दिवसांत ख्रिस्ती विद्यापीठ कसे चालवावे

आपण अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठाचे कुलगुरू आहात असे समजू. जानेवारी २०२२ उजाडला आहे, नाताळची सुट्टी संपवून विद्यार्थी सामानसुमानासह वसतिगृहांत परतत आहेत आणि त्यांच्या सोबतीने करोना विषाणूचा ऑमिक्रॉन हा नवा प्रकारही आवारात शिरत आहे. अशा वेळी विषाणू कसा पसरतो याची चौकशी करत बसू नये. ते काम जीवशास्त्र विभागाचे आहे, आणि त्या विभागातील कोणाला समितीवर घेतले की निर्णय विनाकारण लांबतात. आपले काम पत्र लिहिण्याचे.

पत्राची सुरुवात शास्त्रवचनाने करावी; मात्र वचन शोधण्यापूर्वी नियम कडक करायचे की सैल, हे विश्वस्तांना विचारून घ्यावे. कडक करायचे असतील, तर शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा पुरेशी आहे. सैल करायचे असतील, तर देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, हे प्रेषित पौलाच्या पत्रातले, त्याचा शिष्य तीमथ्याला लिहिलेले वाक्य हाताशी ठेवावे. त्याच वाक्याच्या शेवटी संयमाचाही उल्लेख येतो. तेथवर जाऊ नये. मरीपासून राखण्याचे अभिवचन देणारे बायबलमधील स्तोत्र ९१ देणगीदारांना फार आवडते, परंतु ते जपून वापरावे. मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक, अशी येशूला गळ घालताना सैतानाने याच स्तोत्राचा आधार घेतला होता आणि देवाची परीक्षा पाहू नये असे उत्तर त्याला मिळाले होते, याची आठवण ईश्वरविज्ञान विभागातील एखादे खवचट प्राध्यापक हटकून करून देतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२७ च्या प्लेगमध्ये आपले विटेनबर्ग शहर सोडले नाही, हे अवश्य सांगावे; औषध घ्यावे आणि आपली गरज नाही तेथे जाणे टाळावे, असेही त्याने लिहून ठेवले आहे, हे सांगण्याची सक्ती नाही. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाचे मात्र नावही काढू नये. संशयिताला सात दिवस वेगळे ठेवावे, याजकाने पुन्हा तपासावे, शंका राहिल्यास आणखी सात दिवस ठेवावे आणि रोग्याने आपला वरचा ओठ झाकावा, इतके स्वच्छ लिहिलेले शास्त्र धोरणाच्या कामाचे नसते.

मास्कचा नियम जागा पाहून करावा. ग्रंथालयात कोणी तोंड उघडत नाही, म्हणून तेथे मास्क सक्तीचा असावा. चॅपलमध्ये, म्हणजे आवारातील प्रार्थनागृहात, हजेरी सक्तीची असते आणि सगळे खांद्याला खांदा लावून मोठ्याने गातात, म्हणून तेथे मास्कची ‘आग्रहाची विनंती’ असावी. बास्केटबॉलच्या सामन्यांची तिकिटे आधीच विकली गेलेली असल्याने त्यांच्याविषयी पत्रात काही नसावे.

लसीच्या बाबतीत विवेकबुद्धीचे वेळापत्रक न्यायालयाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे. १०० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांनी लस अथवा दर आठवड्याची चाचणी सक्तीची करावी, हा संघराज्य सरकारचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी रोजी स्थगित केला. तेव्हा १२ तारखेच्या मसुद्यात लस हे शेजाऱ्याप्रती कर्तव्य असेल, तर १४ तारखेच्या मसुद्यात तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न व्हावा. दोन्ही मसुद्यांखाली सही तीच चालते.

वर्ग ऑनलाइन करण्याची घाई तर मुळीच करू नये. २०२० मध्ये अशाच घाईनंतर शुल्क परत मागणारे खटले अनेक विद्यापीठांवर गुदरले. त्यामुळे संपूर्ण शुल्क परत मिळण्याची मुदत संपेपर्यंत प्रत्यक्ष सहवासाचे आध्यात्मिक मोल सांगत राहावे आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी परिस्थितीचा प्रार्थनापूर्वक फेरविचार करावा.

राहता राहिला संकेतस्थळावरील रुग्णसंख्येचा फलक. येथे सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने आपल्यावर मोठीच कृपा केली आहे. २७ डिसेंबर २०२१ रोजी या संस्थेने लक्षणे नसलेल्या बाधितांचे विलगीकरण १० दिवसांवरून ५ दिवसांवर आणले आणि पुढील ५ दिवस इतरांत वावरताना मास्क लावण्यास सांगितले. यातील पहिला भाग पत्राच्या ठळक मथळ्यात यावा आणि दुसरा तळटीपेत. फलकावर एकूण बाधितांऐवजी ‘सध्या विलगीकरणात असलेले’ एवढाच रकाना ठेवला, की एकही विद्यार्थी लवकर बरा न होता आकडा जवळपास निम्म्यावर येतो. विलगीकरणातील मुलांच्या दाराशी जेवणाचे डबे ठेवणारे कर्मचारी कंत्राटदाराचे असतात. ते आजारी पडल्यास कंत्राटदाराच्या फलकावर मोजले जातील, असा फलक असल्यास. फलक शुक्रवारी संध्याकाळी, कार्यालय बंद झाल्यावर अद्ययावत करावा. एवढे करूनही आकडा चढत राहिला, तर विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा मान राखून फलक काढून टाकावा. त्यासाठी मात्र वेगळे पत्र पाठवण्याची गरज नाही.