ताईकडे ऑलिंपिक गोल्ड नाही, बरं मग?

नोव्हेंबर २०२५ मध्ये तैवानची बॅडमिंटनपटू ताय त्झू यिंगने रिटायरमेंट जाहीर केली तेव्हापासून एक कमेंट वाचून वाचून डोकं उठलंय. "खेळायची भारी हो, पण ऑलिंपिक गोल्ड नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिप नाही, म्हणजे ऑल टाइम ग्रेट म्हणता येणार नाही." आणि हे लिहिणारे निम्मे लोक चार वर्षांतून एकदा बॅडमिंटन बघणारे, तेही सिंधूची मॅच असेल तरच.

आमच्या ग्रुपवर तिला सगळे नुसतं ताईच म्हणतात, त्यामुळे मीही इथे तेच म्हणणार.

आधी रेकॉर्ड बघू म्हणजे तो विषय संपेल. २१४ आठवडे वर्ल्ड नंबर १. ऑल इंग्लंड, म्हणजे बॅडमिंटनमधली सगळ्यात मानाची जुनी स्पर्धा, तीन वेळा, २०१७, २०१८ आणि २०२०. वर्षाच्या शेवटी टॉपच्या आठ जणींची जी फायनल्स स्पर्धा होते ती चार वेळा. २०१८ च्या एशियन गेम्सचं गोल्ड, तिथे सेमीफायनलला सायना आणि फायनलला सिंधू, दोघींना सरळ गेममध्ये हरवलं. टोकियो ऑलिंपिकला सिल्व्हर, वर्ल्ड चॅम्पियनशिपलाही २०२१ मध्ये सिल्व्हर. आता ह्याला कमी म्हणायचं असेल तर म्हणा.

पण मला खरं आकड्यांबद्दल बोलायचंच नाहीये. ताईची मॅच बघताना काय व्हायचं ते सांगतो. ती नेटजवळ शटलखाली पोचलेली असायची, रॅकेट तयार, आणि मग क्षणभर काहीच करायची नाही. नुसती थांबायची. समोरची पोरगी बिचारी अंदाज बांधून पुढे झेपावली की शटल शांतपणे तिच्या डोक्यावरून मागच्या लाइनला, आणि मागे राहिली तर नेटला चिकटून खाली. ॲक्शन दोन्ही वेळा सेम. मनगट शेवटच्या क्षणी वळायचं, तेही इतकं कमी की स्लो मोशनमध्ये बघितलं तरी दोनदा मागे घ्यावं लागतं. वर्ल्ड टॉप टेनमधल्या प्लेअर चुकीच्या बाजूला धावताना दिसायच्या, काही वेळा तर जागेवरच उभ्या राहून शटल पडताना बघायच्या. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, सिंधूसारखा वरून मारा करायची सोय नाही, मग तिने समोरचीला फसवायचीच कला एवढी वाढवली की बाकीच्यांना ते कॉपीसुद्धा करता येईना.

आता तिच्या विरोधातलं पण बोलतो, नाहीतर आंधळा फॅन म्हणाल. चुका करायची, भरपूर करायची. १८-१८ वर असताना साधा शॉट सोडून लाइनवर काहीतरी अचाट मारायला जायची आणि तो दोन इंच बाहेर. टोकियोची फायनल आठवा, समोर चीनची चेन युफेई, ताई हरली १८-२१, २१-१९, १८-२१. चेनने काय केलं तर शटल परत पाठवत राहिली, आणखी एक, आणखी एक, आणि ताईच्या चुकीची वाट बघितली. माझा एक मित्र म्हणतो की तेवढा पेशन्स असता तर तीन गोल्ड असती. असतीलही! पण मग ती ताई राहिली नसती ना, कुठलीतरी दुसरीच प्लेअर झाली असती जिच्यावर मी एवढी लांबलचक पोस्ट लिहिली नसती.

आणि २०१७ चं तर लोक विसरूनच जातात. त्या वर्षी ती जबरदस्त फॉर्ममध्ये, नंबर १, ऑल इंग्लंड जिंकलेली, आणि ऑगस्टमध्ये ग्लासगोला वर्ल्ड चॅम्पियनशिप. त्याच वेळी तैपेईत युनिव्हर्सियाड, म्हणजे विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धा, घरच्या लोकांसमोर. ही बाई ग्लासगो सोडून तैपेईला खेळली आणि गोल्ड घेतलं. तिकडे ग्लासगोत जपानची ओकुहारा आणि सिंधूची ती ११० मिनिटांची फायनल झाली. म्हणजे जी ट्रॉफी नाही म्हणून हिला नावं ठेवता, ती मिळवायचा बहुधा सगळ्यात चांगला चान्स हिने स्वतःहून सोडला. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर टीव्हीवर आठवडाभर चर्चा झडल्या असत्या.

आपल्या लोकांना तर तिचे आभारच मानायला हवेत. सिंधू तिच्याकडून बहुतेक वेळा हरली, हे खरंय. पण रिओ ऑलिंपिकच्या सिल्व्हरच्या वाटेत प्री-क्वार्टरला ताई होती आणि २०१९ ला बासेलला सिंधू वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा क्वार्टरला परत ताई, दोन्ही वेळा तिला हरवूनच सिंधू पुढे गेली. शिवाय ती आपल्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्येही खेळून गेलीये, २०२० ला बंगळुरूच्या टीमने तिला ७७ लाखांना घेतलं होतं, सिंधूइतकीच किंमत, आणि टायटलही त्यांनीच जिंकलं. टोकियोत फायनल हरल्यावर ताईला जवळ घेऊन धीर देणारी पण सिंधूच, हे ताईने स्वतः इन्स्टावर लिहिलंय.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं फार लिहवत नाही. गुडघा गेलेला, ग्रुप स्टेजलाच थायलंडच्या इंतानोनकडून हरली आणि कोर्टवरच रडली.

सध्या कोरियाची अन से यंग ज्या पद्धतीने जिंकतेय ते अफाट आहे, तिचा स्टॅमिना, तिचा डिफेन्स, मान्य, शंभर टक्के मान्य. पण रात्री जागून बघावंसं मला ताईसारखं वाटत नाही, काय करू.

ज्यांनी तिला कधी पाहिलंच नाही त्यांनी बासेलची ती क्वार्टर फायनल यूट्यूबवर शोधा. १२-२१, २३-२१, २१-१९. सिंधू जिंकते, तेव्हा देशभक्तीचाही प्रश्न येत नाही. फक्त पहिला गेम नीट बघा, हायलाइट्स नको, पूर्ण बघा, आणि मग कमेंटमध्ये या भांडायला.