पळसाला पाने तीनच

रात्री बंद केलेला ब्राउझर सकाळी त्याच अवस्थेत सापडेल, ही अपेक्षा मी आता सोडून दिली आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी तो उघडला तेव्हा त्याचे कोपरे गोल झाले होते, टॅब जरा फुगले होते आणि मी न उघडलेल्या एका पानावर ‘तुमच्यासाठी नवे काय आहे’ या शीर्षकाखाली माझे अभिनंदन चालले होते. गोल कोपऱ्यांशी माझे काही भांडण नाही. माझे भांडण राइट क्लिकपाशी सुरू होते.

लिंकवर राइट क्लिक केले की उघडणाऱ्या यादीत ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ हा पर्याय पहिला असतो, हे माझ्या मेंदूला नव्हे तर थेट तर्जनीला पाठ होते. वाचत असलेले पान तसेच ठेवून एक लिंक मागे उघडून ठेवायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि दुपारपर्यंत साठेक टॅब जमवून त्यांतला एकही वाचायचा नाही, ही माझी कित्येक वर्षांची कार्यपद्धती आहे आणि तिच्यात सुधारणा करून द्या, असा अर्ज मी कोणाकडेही केलेला नव्हता. त्या सकाळी मात्र पहिल्या जागेवर ‘या लिंकचा सारांश दाखवा’ हे नवे पाहुणे ऐसपैस बसले होते आणि माझा पर्याय तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला होता. तर्जनीने सवयीने क्लिक केले. उजवीकडून एक पट्टा सरकत आला, त्याने अर्धे पान झाकले, तीन ठिपके थोडा वेळ नाचले आणि मी न उघडलेल्या लेखाचे सार चार मुद्द्यांत माझ्यापुढे वाढले गेले. पट्टा मिटवला, पुन्हा राइट क्लिक केले, पुन्हा पट्टा. संध्याकाळपर्यंत मी इतके सारांश वाचले की त्या दिवशी मला बहुश्रुत म्हणायला हरकत नव्हती. त्यांतला एक सारांश तर मूळ मजकुरापेक्षा लांब होता.

हा पाहुणा घालवावा म्हणून सेटिंग्जमध्ये शिरलो आणि शोधाच्या चौकटीत ‘सारांश’ असे लिहिले, तर तसले काही अस्तित्वातच नसल्याचे उत्तर मिळाले, कारण तिथे त्याचे पाळण्यातले नाव ‘स्मार्ट साहाय्य’ असे होते. अर्ध्या तासाने ते सापडले, बंदही झाले. पट्टा यायचा थांबला. यादीतला पर्याय मात्र पहिल्या जागेवरून तसूभरही हलला नाही. आता त्याच्यावर क्लिक केले की ‘हे साहाय्य बंद आहे, सुरू करायचे का?’ असे अत्यंत आदबीने विचारले जाते.

मग अपडेटच घेऊ नये, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी तसे म्हणत असे. अडचण अशी आहे की सुरक्षेतली भोके बुजवणारी दुरुस्ती आणि कोपरे गोल करणारी कलाकुसर एकाच पुडक्यात बांधून येतात. बहुतेक ब्राउझरांचा मूळ कोड खुला असल्यामुळे एखादे भोक बुजवले, की ते कुठे होते हे जाणकार चोरालाही वाचता येते, आणि ज्याने अपडेट घेतलेले नाही त्याचे घर मग नकाशासह उघडे पडते. म्हणून तर क्रोमने २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. हे सगळे मला पटते. कुलूप दुरुस्त करणाऱ्याला मी दारातून कसा परत पाठवू? पण त्याने कुलूप दुरुस्त करून जाताना स्वयंपाकघरातले डबेही हलवून ठेवू नयेत, एवढीच माझी मागणी आहे.

अपडेटांचा हा उत्साह मुळात फार जुना नाही. फायरफॉक्सला १ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ४ पर्यंत पोहोचायला २००४ ते २०११ एवढा काळ लागला होता. पण मार्च २०११ मध्ये ४ आल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात ९ हजर झाली. क्रोम २००८ मध्ये जन्मला आणि २०२२ मध्ये त्याने शंभरी गाठली. तेव्हा काही संकेतस्थळे आवृत्तीचे दोनच आकडे वाचतील आणि शंभराला दहा समजून आजोबांना बालवर्गात बसवतील, अशी धास्ती जाणकारांनाही वाटत होती.

अखेर एका रविवारी मी घर बदलायचे ठरवले आणि एकामागून एक ब्राउझर उतरवून पाहिले. पहिला दिसायला नीटनेटका होता. दुसऱ्यात टॅबची पट्टी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेही लावता येत होती, त्यामुळे ती कुठे लावावी या विवंचनेत दुपार गेली. तिसऱ्यात शिरलो तेव्हा सेटिंग्जचे पान ओळखीचे वाटू लागले. चौथ्यात तर चुकण्याच्या जागाही ओळखीच्या निघाल्या. थोडी चौकशी केल्यावर उलगडा झाला. ऑपेराने स्वतःचे इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा आतला भाग, २०१३ मध्ये सोडले, मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये सोडले, ब्रेव्ह आणि विवाल्डीही त्याच वाटेवर आहेत, आणि ही सगळी मंडळी क्रोमियम नावाच्या एकाच पायावर उभी आहेत. घरोघरी मातीच्या चुली असतात हे ठाऊक होते, पण माती एकाच खाणीतली असेल असे वाटले नव्हते.

पळसाला पाने तीनच, ही म्हण रचणाऱ्याने ब्राउझर पाहिलेला नव्हता, तरी त्याचा हिशेब तंतोतंत जमतो: प्रमुख इंजिने क्रोमियममधले ब्लिंक, सफारीतले वेबकिट आणि फायरफॉक्समधले गेको अशी तीनच. त्यांतही ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच वेगळे झालेले, म्हणजे दोन पाने सख्खी भावंडे. आयफोनवर तर कितीतरी वर्षे कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असे. तिथे पळसाला पान एकच. आणि यांतला प्रत्येक जण संकेतस्थळाच्या दारात स्वतःची ओळख सांगताना पहिला शब्द ‘मोझिला’ असाच उच्चारतो. नव्वदच्या दशकात चांगली पाने फक्त नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरला, म्हणजे मोझिला असे सांगणाऱ्यालाच वाढली जात, म्हणून बाकीच्यांनीही तेच नाव सांगून पंगतीत घुसायला सुरुवात केली. आजही क्रोम आपण मोझिला, वेबकिट, ‘गेकोसारखा’, क्रोम आणि सफारी असल्याचे एका दमात सांगतो. लग्नघरी दोन्हीकडचा पाहुणा म्हणून जेवून जाणारा गृहस्थही इतकी नाती सांगत नाही.

शेवटी उरलेल्या पानाखाली, म्हणजे फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत, मी बिऱ्हाड हलवले. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात आणि बाकीची उलथापालथ साधारण वर्षातून एकदाच होते. ही सोय मुळात मोठ्या संस्थांसाठी आहे. परंतु साठ टॅबांचा माझा कारभार पाहता मीही संस्थेच्या व्याख्येत बसावा. बुकमार्क आले, पासवर्ड आले आणि पहिल्याच लिंकवर राइट क्लिक केले तेव्हा ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ हा पर्याय यादीच्या अगदी वर, आपल्या मानाच्या जागी विराजमान होता.

मधल्या महिन्याभरात मात्र तर्जनीने तिसरा क्रमांक पाठ केला होता. इथे तिसऱ्या क्रमांकावर ‘नव्या खासगी विंडोमध्ये उघडा’ असे असते. त्यामुळे हल्ली मी साधी बातमी उघडायला गेलो तरी मागची नोंद न ठेवणारी काळसर जांभळी खिडकी झपकन समोर येते, आणि मीही ती तितक्याच झपकन मिटवतो. परवा चौथ्यांदा असे झाले तेव्हा मुलगी पाठीमागे उभी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही काय बघत होता ते मी विचारणार नाही. पण मिटवताना एवढे दचकत जाऊ नका.”