कोका-कोलाला नेमके कुणी हाकलले?

‘१९७७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोलाकडे तिची गुप्त कृती मागितली, ती मिळेना म्हणून कंपनीला हाकलून दिले आणि परदेशी कंपन्यांनी भारतातून काढता पाय घेतला,’ असा मजकूर वर्षानुवर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. परदेशी कंपनीला इथल्या कायद्यात अडकवू नये, नाहीतर ती निघून जाते, असे तात्पर्यही त्याच्या शेपटाला बांधलेले असते.

मुळात तो कायदा फर्नांडिस यांचा नव्हता. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, इंदिरा गांधींच्या सरकारने १९७३ साली केला आणि १ जानेवारी १९७४ पासून तो अमलात आला. परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांहून अधिक असलेल्या कंपनीने येथे व्यवसाय चालू ठेवायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी, असे त्याचे कलम २९ सांगत होते. ज्या सरकारने आणीबाणीत आपल्याला तुरुंगात डांबले, त्याच सरकारचा कायदा फर्नांडिस उद्योगमंत्री म्हणून राबवत होते. ही गंमत त्या मजकुरात कधीच येत नाही.

गुप्त कृतीची गोष्ट मात्र निव्वळ बनावट नाही. भारतीयांचे बहुमत असलेल्या कंपनीकडे तंत्रज्ञानही सोपवावे, असा सरकारचा आग्रह होता. परंतु बाटल्या भरण्याचे काम आधीपासूनच भारतीय कारखानदारांकडे होते. खरी किल्ली होती ती अर्क बनवण्यात, आणि तेथील पूर्ण ताबा सोडायला कंपनी तयार नव्हती. आपले गुपित जपण्याचा तिला अधिकार होता आणि तो बजावून ती गेली. कायद्याची अट अमान्य करून निघून जाणे आणि हाकलले जाणे यांत फरक आहे.

‘परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. आयबीएम १९७८ मध्ये गेली, हे खरे. तिलाही शंभर टक्के मालकीच हवी होती. पण कोलगेटने आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणला, आणि हिंदुस्थान लिव्हरने आपल्या उत्पादनांचे स्वरूप कायद्याच्या सवलतीत बसवून ५१ टक्के राखले. अशा कंपन्यांचे समभाग किती किमतीला विकायचे हे दिल्लीतील भांडवल नियंत्रक ठरवत असत आणि ती किंमत बहुधा बाजारभावापेक्षा बरीच कमी असे. त्यामुळे एरवी शेअर बाजाराच्या वाटेला न जाणाऱ्या मुंबईतील पगारदारांनीही अर्ज भरले, आणि ज्यांना समभाग लागले त्यांतील अनेकांनी ते पुढे मुलाबाळांसाठी जपून ठेवले.

पेप्सीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिने पंजाब सरकारचे कृषी-उद्योग महामंडळ आणि मुंबईची व्होल्टास यांच्याशी भागीदारी करून, आपला हिस्सा ४० टक्क्यांच्या आत ठेवून प्रवेश मिळवला. परदेशी नाममुद्रा उघड वापरण्यास तेव्हा मनाई असल्याने १९९० मध्ये दुकानात आलेल्या बाटलीवर ‘लहर पेप्सी’ असे लिहिलेले असे. जगभर एकाच नावाने विकणाऱ्या कंपनीने नावापुढे एक हिंदी शब्द जोडला आणि बाजारपेठ मिळवली.

फेरा चांगला कायदा होता, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याने उद्योगांना बराच जाच केला. कोकच्या जागी सरकारने आणलेले ‘डबल सेव्हन’ फार काळ टिकले नाही. शीतपेये विकणे हे सरकारचे कामच नव्हे. मात्र तो कायदा बदलला तो येथल्याच सरकारांनी आणि संसदेने : १९९१ च्या धोरणाने अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांची वाट मोकळी झाली आणि २००० साली फेराची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे ‘फेमा’ने घेतली. १९९३ मध्ये कोका-कोला परतली ती या बदललेल्या नियमांखाली, आणि येताच तिने मुंबईच्या पार्लेकडून विकत घेतले ते थम्स अप, म्हणजे तिने मोकळ्या सोडलेल्या जागेत १९७७ सालीच उभे राहिलेले पेय.