माहितीचा स्रोत कोणता? (एकच पर्याय निवडा)

आज कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एका ज्युनिअरने गुगल फॉर्म टाकला. महामारीत विद्यार्थ्यांना किती माहिती होती, त्यांची वृत्ती कशी होती, माहिती कुठून मिळायची वगैरे. बिचाऱ्याचा प्रोजेक्ट आहे, भरून देईन, त्याच्यावर राग नाहीये. डोकं फिरलं ते खाली आलेल्या एका सरांच्या मेसेजने. 'कोविड बॅचला कसली माहिती, सगळे व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटीचे टॉपर, हाहा.' आणि त्यावर पंधरा अंगठे!

सर, त्या युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक कोण होते हो? तुमच्याच वयाचे होते सगळे.

२०२० ला मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेल रिकामं करून घरी आले तर रोज सकाळी बाबा गॅलरीत मनगटावरचं घड्याळ डोळ्यासमोर धरून, गाल फुगवून उभे. दहा सेकंद श्वास रोखायचा, खोकला आला नाही की 'निगेटिव्ह!' म्हणून आत यायचं. फॅमिली ग्रुपवर आलेलं ना. मी सांगून सांगून थकले की बाबा याने काही कळत नाही, लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही पसरतो हा, डब्ल्यूएचओच्या साइटवर चक्क हाच दहा सेकंदांचा प्रकार खोटा म्हणून दिलाय, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला तर काकांचा रिप्लाय, 'फार शिकलीस हो.' बाबा दुसऱ्या दिवशी परत गॅलरीत.

हां, आमच्यातही नग होते. ५जी टॉवरमुळे कोरोना पसरतो हा व्हिडिओ मला माझ्या रूममेटनेच पाठवला होता. मान्य.

आणि त्या फॉर्म्सचं तर बोलूच नका, तेव्हाही रोज एक यायचा. 'विषाणूवर अँटिबायोटिक चालतं का? हो / नाही / माहीत नाही.' शेजारच्या टॅबमध्ये गुगल उघडं, चुकणार कोण? शेवटी माहितीचा स्रोत, तिथे मी डोळे झाकून 'डब्ल्यूएचओ'. मायक्रोची पोरगी 'नातेवाईक' टिक करेल का? लाज वाटते ना.

पण आता लिहायला बसलेय तर खरं सांगते. बाबा मार्च अखेरीस तोंडाला रुमाल बांधून बाहेर निघाले होते आणि मीच त्यांना झापलं. निरोग्या माणसाला मास्कची गरज नाही, डब्ल्यूएचओ म्हणतंय! २८ मार्चला तर हा हवेतून पसरत नाही असंही त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, मी ते स्टेटसला लावलेलं. बाबांनी रुमाल काढून खिशात ठेवला. ५ जूनला सल्ला बदलला, गर्दीत कापडी मास्क वापरा. मी मान खाली घालून बाबांना सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि मास्क लावला. एक टोमणा नाही. मी त्यांच्या गॅलरीतल्या कवायतीचे फोटो मैत्रिणींना पाठवून हसत होते त्याच काळात.

नव्या आजारात माहिती बदलणारच, ते कळतं मला. पण तुमची माहिती चुकली तेव्हा घरच्यांना कसं सांगितलंत, हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये का नसतो?

आत्ता बाबांना विचारलं, तेव्हा रुमाल का काढलात हो? म्हणाले, 'तू सांगितलंस म्हणून.' मग श्वासाचं का नाही ऐकलंत माझं?

'त्याने बरं वाटायचं गं.'