सब्जेक्ट शोधून द्या

"अहो, मी भाजी घेऊन येते. दुधाकडे लक्ष ठेवा," असं सांगून बायको जिना उतरली आणि लेकीने वर्कशीट माझ्यापुढे सरकवली. दहा वाक्यं. सब्जेक्टखाली एक रेघ, प्रेडिकेटखाली दोन.

माझी शाळा मराठी, एबीसीडीशी गाठ पाचवीत पडली. त्यामुळे इंग्रजी वाक्य दिसलं की मी आधी मनात त्याचं मराठी करतो, मग मराठीचं व्याकरण लावतो आणि शेवटी उत्तर चुकवतो. इतक्या वर्षांत या क्रमात कधी खंड पडलेला नाही.

"सोपंय," मी म्हणालो. "सब्जेक्ट म्हणजे कर्ता. जो करतो तो."

'द डॉग बार्क्ड.' कुत्र्याखाली रेघ, भुंकण्याखाली दोन. माझी कॉलर ताठ.

दुसरं वाक्य, 'द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस.' पकडलं कोणी? पोलिसांनी. मी ऐटीत पोलिसांखाली रेघ ओढली.

"बाबा, चूक. सेंटेन्स कुणाबद्दल आहे ते बघायचं. थीफबद्दल आहे."

चोराने या वाक्यात काडीचंही काम केलेलं नाही, तो नुसता सापडलाय. तरी मान त्याचा! बिचारे पोलीस प्रेडिकेटच्या शेपटाला. तेव्हा कुठे आठवलं, की आम्हालाही 'कर्ता' वेगळा आणि 'उद्देश्य-विधेय' वेगळं शिकवलं होतं. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, जे बोलायचं ते विधेय. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

'इट इज रेनिंग.'

"यात सब्जेक्ट 'इट'," लेक म्हणाली.

"इट म्हणजे कोण?"

"कोणीच नाही. पण लागतो."

आपल्याकडे पाऊस पडतो, म्हणजे निदान पाऊस तरी स्वतः हजर असतो. इंग्रजांना सब्जेक्टची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. सोसायटीच्या सभेत कोरम भरत नाही म्हणून शेजारच्या विंगमधल्या काकांना आणून बसवतात, तसा हा 'इट'.

पुढचं वाक्य होतं 'देअर आर फाइव्ह मँगोज इन द बास्केट.' शहाणा होऊन मी पहिल्या खुर्चीवरच्या 'देअर'खाली रेघ मारली. पुन्हा चूक! इथे म्हणे 'देअर' नुसता दारात उभा, खरा सब्जेक्ट 'फाइव्ह मँगोज', आणि तो क्रियापदाच्या मागे दडलेला. म्हणजे इटला खुर्ची चालते, देअरला नाही. असा दुजाभाव आमच्या सोसायटीतही होत नाही.

आंबे निघालेच म्हणून मी विषय माझ्या मैदानात आणला. "मराठीत बघ. रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली. खाणारा राम तोच, पण क्रियापद कुणाचं ऐकतं? आंब्याचं आणि चिंचेचं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात."

"आणि 'मला आंबा आवडतो'? तिथे सब्जेक्ट मी की आंबा?"

मी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं. आवडतंय मला, पण आंबा आवडतो, चिंच आवडते, पेढे आवडतात. क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"ते तुला आठवीत येईल," मी म्हणालो.

शेवटचं वाक्य, 'क्लोज द डोअर.' इथे मी खिंडीत गाठलंच. दार बंद करा! करा कोणी? पत्ताच नाही. "यात सब्जेक्ट नाही," मी निकाल दिला, आणि लेक काही बोलणार तोच स्वयंपाकघरातून तो वास आला.

दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीकडे निघालं होतं. मी गॅस बंद केला, तेवढ्यात मागे पिशवी टेकल्याचा आवाज आला.

"दुधाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेले होते ना?"

"पण कोणी लक्ष ठेवायचं ते कुठे सांगितलंस?" मी ताज्या ज्ञानाच्या जोरावर म्हणालो. "तुझ्या वाक्यात सब्जेक्टच नव्हता."

"असतो, बाबा," बाहेरून आवाज आला. "ऑर्डर असली की लपलेला असतो. 'यू'. तो कंसात लिहायचा."

बायकोने ओट्यावरचं फडकं उचलून माझ्या हातात ठेवलं. प्रेडिकेट सांगायची तिला गरज पडली नाही.