आपखुशीने? कसली आपखुशी!

सोव्हिएत राजवटीतल्या एस्टोनियातले शेतकरी १९४९ मध्ये ‘ट्रॅक्टर मिळतील म्हणून आपखुशीने’ सामूहिक शेतीत गेले, हे लेखातलं वाक्य पटलं नाही. त्या मार्चच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ टक्के शेतं कोल्खोजमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीत, होती. ‘कुलाक’ म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरवलेल्यांवर १९४७ पासून जबर कर लादूनही लोक हलले नव्हते. मग २५ मार्चपासून चारेक दिवसांत वीस हजारांवर माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला धाडली. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. यादीतलं घर रिकामं सापडलं, तर आकडा भरायला राखीव यादीतलं कुटुंब उचलायचे. महिन्याभरात कोल्खोजचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. शेजारचं घर असं रातोरात ओस पडल्यावर कोण अर्ज करणार नाही? ट्रॅक्टर कसले घेऊन बसलात!