तडकलेल्या प्रोबचे उपकार

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, नोकरी लागली म्हणता? अभिनंदन! दांडिया बाजारातल्या काकूंना 'पाण्याच्या खात्यात आहे' एवढंच सांगा, त्यांना बरं वाटेल.

आता कामाचं. देखभाल लॉगबुकाची करायची असते, यंत्रांची नव्हे. आठवड्याचे आकडे सोमवारीच भरून टाका. फक्त मधूनमधून पेन बदलत जा.

चुन्याचा पंप बंद केल्यावर लाइन पाण्यानं धुवावी, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला शिफ्टची बस पकडायची नसते. राहू द्या. आत चुना दगडासारखा बसला की पाइप कसा भक्कम होतो! रसायन मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला तरी ठकठक चालूच राहते, आणि साहेबांना तेवढीच ऐकायची असते. खाली टिपूस गळत असेल तर रंगाचा रिकामा डबा लावा.

पॉलीची, म्हणजे गाळ एकत्र गोळा करणाऱ्या पॉलिमरची, पावडर पाण्यात ढवळत ढवळत, भुरभुरत घालायची म्हणे. आपण काय पिठलं करतोय? ओता अख्खी पिशवी. माशाच्या डोळ्यांएवढ्या गुठळ्या होतील, त्या गाळणीत अडकतील, पंपाला तेवढीच विश्रांती. पाणी पुढे सांडपाण्याच्या चॅनलमधून 50 हून अधिक किलोमीटर जातं. जंबुसर तालुक्यात महीच्या मुखाशी पोचेपर्यंत तुमची शिफ्ट संपलेली असते.

पण खरा जपायचा तो पीएच प्रोब, पाणी किती आम्ल किती अल्कली ते मोजणारी काचेची दांडी. त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं ठेवा, 4 आणि 7 पीएचच्या बफरनं, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी, नियमित कॅलिब्रेट करा, असं सांगणारे भेटतील. ऐकून घ्या, चहा पाजा. आमच्या प्रोबची काच 2 वर्षांपूर्वी तडकली, तेव्हापासून प्लँटला दृष्ट लागलेली नाही. तडकलेली काच कशातही बुडवा, आकडा सातच्या आसपासच. ॲसिडमध्ये सात, चुन्यात सात. एका रात्रपाळीत आम्ही तो शेव-उसळीच्या तर्रीत बुडवला, तिथंही सात! बाहेर सोडायच्या पाण्याच्या पीएचची देशाची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9. म्हणजे बिचारा अगदी मधोमध उभा. असा इमानी नोकर कुठे मिळतो?

गेल्या महिन्यात एका नव्या पोरानं कुणाला न विचारता स्टोअरमधून नवा प्रोब आणून बसवला. डिस्प्लेवर आलं 3.1. साहेब धावतच आले. "कालपर्यंत प्लँट छान चालत होता! तू हात लावलास नि बिघडला."

जुना परत बसवला. पोराची बदली पॅकिंगला झाली.